निकॉन डी७२००वर जुनी ५० एमएम एआय-एस लेन्स: काही महिन्यांचा अनुभव

गेले काही महिने माझ्या डी७२००वर निक्कोर ५० एमएम एफ/१.४ एआय-एस (हाताने फोकस करायची निकॉनची जुनी लेन्स) हीच लेन्स असते. ऑटोफोकस नाही, लेन्समध्ये चिप नाही, अपर्चर (प्रकाश आत घेणारं लेन्समधलं छिद्र) लेन्सवरच्या रिंगने हातानेच लावायचं. तरीही कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर चालतो, आणि त्यासाठीच मला ही जोडी मनापासून आवडते.

हे जमतं ते बॉडीच्या माउंटभोवतीच्या एका छोट्या खिट्टीमुळे. १९७७ सालच्या एआय पद्धतीपासून लेन्सची रिंग ही खिट्टी ढकलते आणि अपर्चर किती लावलंय ते बॉडीला कळतं. शटर दाबेपर्यंत लेन्स पूर्ण उघडी राहते, त्यामुळे एफ/८ लावलं तरी व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होत नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींना ही खिट्टी नाही, डी७५००लाही नाही. तिथे मीटर बंद, एम मोडमध्ये (सगळं हाताने) हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघत काम करायचं. जुनी बॉडी घेताना आधी हेच तपासा. (एआय न केलेली, १९७७ पूर्वीची लेन्स मात्र खिट्टीवाल्या बॉडीवर चढवू नका. खिट्टी मोडू शकते.)

मेन्यूत नॉन-सीपीयू (चिप नसलेल्या) लेन्स डेटामध्ये ५० आणि १.४ भरा. नाहीतर एफच्या आकड्याऐवजी किती स्टॉप खाली आलात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) एवढंच दिसतं. मग ए (अपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं) आणि एम दोन्ही मोड चालतात.

मॅट्रिक्स मीटरिंगही (सगळ्या चौकटीचा प्रकाश मोजणारं) चालतं, पण मी एकांकिकांच्या तालमींचे फोटो काढतो आणि तिथे ते उपयोगाचं नाही. मागे काळा पडदा, एकाच चेहऱ्यावर स्पॉटलाइट: मीटर काळ्याला भुलतो आणि चेहरा पांढराफटक येतो. मी एम मोड, एफ/२ आणि १/१२५ ठेवतो, स्पॉट मीटरिंग (फक्त छोट्या ठिपक्यापुरतं मोजणारं) थेट गालावर धरतो आणि आयएसओ फिरवून काटा शून्यावर आणतो. गव्हाळ रंगाला एवढं पुरतं, गोऱ्या मेकअपला एक स्टॉप जास्त देतो. मग प्रकाशयोजना बदलेपर्यंत आकड्यांना हात लावायचा नाही. सगळा प्रवेश एकसारखा येतो, हे सुख ऑटोमध्ये मला कधी मिळालं नाही.

फोकसला वेळ लागतो. एफ/१.४वर व्ह्यूफाइंडरमधल्या फोकसच्या ठिपक्यावर विसंबू नका, लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून बघा. पळापळीच्या प्रवेशाला ही लेन्स नकोच.

विकत घेताना मागची अपर्चरची दांडी ढकलून सोडा. पाती झटकन मिटली पाहिजेत. पात्यांवर तेल उतरलं असेल तर ती वेळेत मिटत नाहीत आणि बारीक अपर्चरचे फोटो उजळ येतात. दुकानातच सावलीतल्या भिंतीचे दोन फोटो काढा: एफ/१.४ला १/२०००, एफ/११ला १/३०, आयएसओ तोच. मधला भाग दोन्हींत सारखा दिसायला हवा. दुसरा उजळ आला तर लेन्स परत ठेवा, किंवा साफसफाईचा खर्च किमतीतून कापून मागा.