टॅबवर भागेल की लॅपटॉपच हवा? तीन आठवडे लॅपटॉप कपाटात ठेवल्यावरचा हिशेब

उत्तर आधीच सांगते. तुमचं काम वाचणं, मेल, मीटिंगा, साधं लिखाण आणि कागदांवर सह्या-खुणा एवढ्यात आटपत असेल तर टॅबवर भागतं. कीबोर्ड मात्र वेगळा घ्यावा लागतो. पण रोज दुसऱ्यांकडून फायली येतात, त्यांची काटछाट करून त्या तिसऱ्याकडे पाठवायच्या असतात, असं काम असेल तर टॅब घेतल्यावरही लॅपटॉप घ्यावाच लागेल आणि खर्च दुप्पट होईल.

विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे बरेच जुने लॅपटॉप एकदम निवृत्तीला आले आणि हा प्रश्न मला आठवड्याआड कुणीतरी विचारू लागलं. विचारणारे बहुतेक जण प्रोसेसर आणि रॅमचे आकडे घेऊन येतात. त्या आकड्यांनी काही ठरत नाही. अ‍ॅपलने २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्ये मॅकबुक एअरमधलीच एम१ चिप बसवली, म्हणजे ताकदीचा वाद तिथेच मिटला. घोडं पेंड खातं ते फाईल एका अ‍ॅपमधून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेताना.

माझं काम संपादनाचं. हस्तलिखितं तपासायची, लेखकांशी पत्रव्यवहार करायचा, महिनाअखेरीला बिलं पाठवायची आणि कुठलं पुस्तक कुठवर आलं याची एक भलीमोठी स्प्रेडशीट सांभाळायची. अकरा इंची टॅब, त्याचं कीबोर्ड-कव्हर आणि पेन घेतलं, लॅपटॉप कपाटात ठेवला आणि तीन आठवडे तो बाहेर काढायचा नाही असं ठरवलं.

टॅब जिथे सरळ जिंकतो

पहिल्याच आठवड्यात एकशे ऐंशी पानांचं प्रूफ आलं. लॅपटॉपवर पीडीएफ तपासणं म्हणजे शिक्षा. पडदा आडवा, पान उभं, त्यामुळे एका वेळी अर्धंच पान दिसतं. काना सुटलेला दिसला की माउसने शब्द पकडा, खुणेचं साधन निवडा, चौकटीत टीप टाइप करा, मग पुढची ओळ शोधा. या कटकटीला कंटाळून मी वर्षानुवर्षं प्रिंट काढून लाल पेनाने तपासत आले.

टॅब उभा धरला तर पूर्ण पान समोर येतं. तळहात काचेवर टेकला तरी तो रेघ ओढत नाही, फक्त पेनाचीच रेघ उमटते. शब्द छाटायचा, समासात बरोबर रूप लिहायचं, बाण काढायचा, दोन शब्दांमधली जागा मिटवायला ती कंस-जोडणीची खूण करायची. हे सगळं कागदासारखंच, आणि संध्याकाळी तीच फाईल तशीच्या तशी पाठवता येते. काही पानं मी आरामखुर्चीत पाय वर घेऊन तपासली. लॅपटॉप मांडीवर घेऊन हे जमत नाही, आणि जमलं तरी मांडी भाजते.

चित्रं काढणाऱ्यांचं तर विचारायलाच नको. प्रोक्रिएट हे चित्रकारांचं आवडतं अ‍ॅप लॅपटॉपवर उपलब्धच नाही. हाताने नोट्स काढणारे विद्यार्थी, दिवसभर मीटिंगांमधून फिरणारे, घरोघर जाऊन फॉर्म भरून सह्या घेणारे, या सगळ्यांना टॅबच सोयीचा.

आणि मग ती झिप फाईल आली

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार. एका संस्थेकडून झिप आली. आत चौदा लेख, प्रत्येकाचं नाव ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन दुरुस्त’ अशा थाटाचं. सोबत मॅक्रो (बटण दाबलं की ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) घातलेली एक स्प्रेडशीट आणि काही स्कॅन केलेली पानं. लेखांना क्रमवार नावं द्यायची, एका लेखाची जुनी आणि नवी प्रत ताडून पाहायची, स्प्रेडशीटमधलं बटण दाबून यादी तयार करायची आणि सगळं त्यांच्या पोर्टलवर चढवायचं. लॅपटॉपवर वीस-पंचवीस मिनिटांचं काम.

झिप एका टिचकीत उघडली, तिथवर मी खूश. मग नावं बदलायला बसले. फाईलवर बोट दाबून धरा, यादीतून ‘नाव बदला’ निवडा, टाइप करा, की पुढची फाईल. असं चौदा वेळा. प्रती ताडून पाहायची सोय अ‍ॅपमध्ये सापडली नाही, म्हणून पडदा दुभागून दोन्ही शेजारी ठेवल्या आणि डोळ्यांनी ताडल्या. अकरा इंचांचे दोन भाग केल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम फोनएवढी रुंदी येते. स्प्रेडशीट उघडली, आकडे दिसले, बटणही दिसलं, पण दाबलं तर ढिम्म. शेवटी फायली चढवायला घेतल्या आणि मध्येच आलेला मेसेज वाचायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेले. परत येऊन पाहते तर अपलोड थांबलेलं. पुन्हा पहिल्यापासून.

सव्वा तास गेला, आणि यादी तरीही राहिलीच. ती मी हाताने केली. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

यात टॅब बिघडलेला नव्हता. टॅबची घडण फोनच्या घराण्यातली आहे. प्रत्येक अ‍ॅप आपापल्या खोलीत राहतं, शेजाऱ्याच्या खोलीत विचारल्याशिवाय जात नाही आणि नजरेआड झालं की बॅटरी वाचवायला त्याला झोपवलं जातं. अपलोड थांबलं ते म्हणूनच. टॅबवर व्हायरसची धास्ती कमी असते, पंखा घरघरत नाही, आठवडाभर पडून राहिला तरी उघडताक्षणी जागा होतो, या सगळ्याचं मूळही तेच. लॅपटॉपवर कुठलाही प्रोग्रॅम जवळजवळ कुठल्याही फोल्डरमध्ये डोकावतो आणि पाठीमागे हवं तितका वेळ चालतो. काम उरकतं त्यामुळेच आणि डोकेदुखी होते तीही त्यामुळेच. एखाद्याचा गुण ठेवून त्याचाच दोष टाळता येईल अशी आशा धरू नका.

अ‍ॅपचं नाव लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरसारखं असलं म्हणून आतला मालही तोच असतो असं नाही. एक्सेलच्या टॅबवरच्या अ‍ॅपमध्ये व्हीबीए मॅक्रो (व्हीबीए ही ते लिहायची भाषा) चालत नाहीत, वर्डमध्ये मेल मर्ज, म्हणजे एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावानिशी तयार करायची सोय, नाही. आणखी एक खाचखळगा: मायक्रोसॉफ्टची ही अ‍ॅप्स १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर साध्या संपादनासाठी फुकट चालतात. त्याहून मोठ्या टॅबवर फाईल वाचता येते, बदल करायला वर्गणी लागते. मोठा पडदा हौसेने घेणाऱ्यांना हे घरी आल्यावर कळतं.

वजन, बॅटरी, मांडी

‘टॅब हलका’ हे अर्धसत्य आहे. २०२४ चा १३ इंची आयपॅड प्रो ५७९ ग्रॅमचा आहे आणि १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचा. पण त्या आयपॅडला त्याचं धातूचं कीबोर्ड-कव्हर लावलं की दोघांच्या वजनात सांगण्यासारखा फरक उरत नाही. त्यात पेन, चार्जर, यूएसबी हब असं सगळं बिऱ्हाड पिशवीत आलं की हलकेपणाची गंमत संपते. किमतीचंही तसंच: पाटीवर नुसत्या टॅबची किंमत असते, लॅपटॉपच्या बरोबरीला यायला लागणाऱ्या वस्तूंची नसते. बेरीज करूनच तुलना करा.

बॅटरीत टॅब पुढे, हेही आता जुनं झालं. अ‍ॅपलचेच आकडे घ्या: वाय-फायवर वेब वापरताना आयपॅडला १० तास, एम मालिकेतल्या मॅकबुक एअरला १५.

मागे टेकायचा पाय असलेला टॅब मांडीवर घेऊन टाइप करून पाहा. गुडघ्यांवर तो डुगडुगतो, आणि मांड्या आखूड असतील तर टॅबचा पाय टेकायला जागाच उरत नाही. शिवाय कीबोर्ड लावून टॅब उभा केला की काचेला हात लावायला सारखा खांदा उचलावा लागतो. मॅकला टचस्क्रीन का नाही, हे सांगताना अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० मध्ये हेच कारण दिलं होतं: उभ्या पडद्यावर हात भरून येतो. टेबलावर मीही दोन दिवसांत ट्रॅकपॅडकडे वळले.

टॅबचा लॅपटॉप होतोय, हळूहळू

ही धडपड जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये सरफेस आरटी आणला. दिसायला विंडोज, पण नेहमीची डेस्कटॉप सॉफ्टवेअर्स चालेनात. पुढच्याच वर्षी कंपनीने त्यापायी ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. अ‍ॅपल उलट्या बाजूने आली. २०१० चा पहिला आयपॅड निव्वळ टॅब, २०१५ च्या प्रोला कीबोर्ड आणि पेन्सिल, २०१९ मध्ये आयपॅडओएस ही वेगळी कार्यप्रणाली आणि पेनड्राइव्ह वाचायची सोय, २०२० मध्ये ट्रॅकपॅड, २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये हव्या तशा सरकवता येणाऱ्या विंडो आणि वर मेन्यूची पट्टी. सॅमसंगचं डेक्स, म्हणजे कॉम्प्युटरसारखा विंडोंचा पडदा, हेही तसंच, आधी फोनवर आणि मग टॅबवर. थोडक्यात, लॅपटॉपची जागा घेता घेता टॅब लॅपटॉपसारखाच होत चाललाय. मग मूळ वस्तूच का घेऊ नये, असं मला तरी वाटतं.

विंडोजवर चालणारे टू-इन-वन, म्हणजे टॅब आणि लॅपटॉप दोन्ही म्हणून वापरता येणारी यंत्रं, हा मधला मार्ग आहे. त्यांच्यावर लॅपटॉपचं काम होतं, पण बोटाने वापरायला विंडोज अजून अवघडलेलंच वाटतं. एआरएम (फोनमध्ये असतो त्या जातीच्या) प्रोसेसरचा घेणार असाल तर आपल्या जुन्या प्रिंटर-स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्यासाठी आहे ना, हे आधी बघा.

घ्यायच्या आधी

दोन-तीन गोष्टी तपासाच. मोठा मॉनिटर जोडायचा असेल तर स्वस्तातल्या बऱ्याच टॅबच्या यूएसबी-सीमधून चित्र बाहेर जातच नाही. साध्या आयपॅडवरून जातं, पण टॅबवर जे दिसतं त्याचीच नक्कल होते आणि मॉनिटरच्या दोन्ही कडांना काळे पट्टे राहतात. घरात एकच यंत्र सगळ्यांनी वापरायचं असेल तर आयपॅडवर वेगवेगळी खाती उघडता येत नाहीत, अँड्रॉइड टॅबवर बहुधा येतात. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन (पेनड्राइव्हसारखी सहीची किल्ली) वापरत असाल तर लॅपटॉपच घ्या, त्यात डोकं लावू नका. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनाही तेच सांगेन; अ‍ॅप्स बनवायचं अ‍ॅपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर अ‍ॅपलच्याच आयपॅडवर चालत नाही.

अडणारं काम महिन्यातून एखादंच असेल तर टॅबवरून घरचा कॉम्प्युटर दुरून चालवता येतो. हे अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकणं आहे, पण शेळ्या चारच असतील तर जमतं.

आणि एक आठवडा जवळ कागद ठेवा. फोन बाजूला सारून लॅपटॉप उघडावा लागला की ‘कशासाठी’ ते लिहा. माझ्या कागदावर चौतीस नोंदी झाल्या. त्यातल्या पंचवीस टॅबवर आरामात झाल्या असत्या, पण उरलेल्या नवांवरच माझी बिलं निघतात.

बाविसाव्या दिवशी लॅपटॉप बाहेर काढला. प्रूफं अजूनही टॅबवरच तपासते, ती सवय आता सुटायची नाही. कपाटातल्या त्या जागेवर सध्या कीबोर्ड-कव्हर आहे.