आपल्या वॉर्डाचे सरकारी आकडे कुठं मिळतात: जनगणनेच्या वेबसाइटचा अनुभव

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या पंच मंडळींना अंगणवाडीसाठी निवेदन द्यायचं होतं. त्यासाठी लागणारे आकडे काढायचं काम मी अंगावर घेतलं आणि त्या निमित्तानं जनगणनेची वेबसाइट नीट बघितली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्यांना आपल्या गावाचे किंवा वॉर्डाचे आकडे हवे असतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. पाचपैकी साडेतीन तारे. फुकट आहे, आणि आत जे आहे ते आपल्यापैकी बहुतेकांना माहीतच नाही, म्हणून एवढे तरी द्यायलाच हवेत.

सुरुवातीला नावांची अडचण येते. आकडे 2011 चे आहेत आणि आपल्या शहराचं नाव बदललं 1 नोव्हेंबर 2014 ला, त्यामुळं इंग्रजीत जुन्या 'बेलगाम' नावानंच शोधा. राज्याचा कोड 29, जिल्ह्याचा 555. त्यात तालुके दहाच दिसतील, नंतर झालेले दिसणार नाहीत. निपाणी तालुका शोधाल तर सापडणार नाही, ते चिकोडीत आहे; कागवाड अथणीत आहे आणि मुडलगी गोकाकमध्ये. सौंदत्ती तालुका 'परसगड' नावानं आहे आणि बैलहोंगल 'संपगाव' नावानं. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

सगळ्यात उपयोगी चीज म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. तिचे दोन भाग आहेत. 'ब' भागात प्रत्येक गावाचे आणि शहरातल्या प्रत्येक वॉर्डाचे आकडे आहेत: घरं किती, माणसं किती, बायका-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे आणि न करणारे. 'अ' भागात गावागावातल्या सोयी आहेत. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, म्हणून तो भाग मी सावकाश वाचला. गावात शाळा, दवाखाना, बस नसेल तर ती सोय किती लांब आहे ते अक्षरानं दाखवलंय. 'ए' म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, 'बी' म्हणजे पाच ते दहा, 'सी' म्हणजे दहाच्या पुढं. जंगलाकडच्या एखाद्या गावाची ओळ उघडा, काय ते समोर येतं. रस्त्यासाठी अर्ज लिहिणाऱ्यानं ते पान छापून सोबत जोडावं.

घरयादीचा तक्ता वेगळा डाउनलोड करावा लागतो, पण तो चुकवू नका. शंभर कुटुंबांत किती जणांच्या घरात संडास आहे, स्वयंपाक कशावर होतो, छप्पर कशाचं, सायकल-गाडी-टीव्ही आहे का, हे सगळं त्यात वॉर्डाप्रमाणे आहे. पाण्याचे रकाने तर बेळगावच्या माणसानं बघावेतच. नळाचं पाणी शुद्ध केलेलं आणि न केलेलं वेगळं मोजलंय, आणि झाकलेली विहीर, उघडी विहीर असे दोन वेगळे रकाने आहेत. आमच्याकडं जुन्या घरांच्या परसात आड असतोच, त्याचं महत्त्व असं कागदावर बघून मला फार बरं वाटलं. पाणी घराबाहेरून आणत असाल तर शहरात शंभर मीटरच्या आत असल्यास 'जवळ', त्यापुढं 'लांब'. खेड्यात हीच हद्द पाचशे मीटरची. डोक्यावर घागर घेऊन अर्धा किलोमीटर जाणं 'जवळ' कसं, हे मला पटलेलं नाही. पण आकडा वाचताना ही व्याख्या माहीत हवी, नाहीतर चुकीचा अर्थ निघतो.

व्याख्येवरून आणखी एक. शहापूर, वडगाव, खासबाग म्हणजे विणकरांचा भाग. माग घरातच असतो, पुढच्या खोलीत. जनगणनेत 'घरगुती उद्योगातले कामगार' असा रकाना आहे, आणि शहरात त्याची अट अशी की तो धंदा राहत्या घराच्या आवारात, घरच्यांनीच चालवलेला हवा. म्हणजे स्वतःच्या मागावर विणणारा या रकान्यात येतो, आणि तोच माणूस बाहेरच्या कारखान्यात मजुरीला गेला की 'इतर कामगारांत' जातो. म्हणून त्या एका रकान्यावरून आमच्या भागात विणकर किती हे कुणी सांगायला लागला तर विश्वास ठेवू नका, खरे विणकर त्याहून जास्त आहेत. आणि घरात बसून मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका? वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तर 'मुख्य' कामगार, त्याहून कमी केलं तर 'सीमांत'. पण मोजणी करणाऱ्यानं विचारल्यावर "मी घरीच असते" असं सांगितलं की ती बाई काम न करणाऱ्यांत गेली. हे मला मनापासून लागतं. माझ्या सासूबाईंनी जन्मभर कांड्या भरल्या.

आता तारे का कापले ते. वॉर्डांना नावं नाहीत, नुसते चार आकडी नंबर. कुठली गल्ली कुठल्या नंबरात हे त्या तक्त्यात लिहिलेलं नाही. शिवाय 2021 ची महापालिका निवडणूक झाली ती नव्यानं आखलेल्या 58 वॉर्डांवर, त्यामुळं आजचा वॉर्ड नंबर घेऊन 2011 चा तक्ता वाचला तर भलत्याच भागाचे आकडे हाती येतात. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे मतदार यादी. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर त्यात येणारे विभाग, म्हणजे गल्ल्यांची नावं, आणि स्त्री-पुरुष मतदारांची बेरीज असते. अठरा वर्षांच्या वरचेच मोजलेले असतात, पण आकडा ताजा असतो आणि गल्लीचं नाव त्यावर छापलेलं असतं. माझ्या हाती आलेली यादी कन्नडमध्ये होती. आमच्या शेजारच्या अक्कांनी बसून मला ती वाचून दाखवली.

अंगणवाडीसाठी मात्र जनगणना कामाची नाही. 2011 ला जी मुलं सहा वर्षांच्या आतली होती ती आता दहावी-बारावी करून कॉलेजात जायला लागलीत. एका कार्यालयात मला तोच जुना आकडा पुढं करून "एवढीच मुलं आहेत तुमच्याकडं" असं सांगितलं, तेव्हा वाईट वाटलं. आजच्या मुलांची मोजणी असते ती अंगणवाडी ताईंच्या कुटुंब सर्वेक्षणाच्या नोंदवहीत. तीही सरकारीच नोंद आहे. चारशे ते आठशे लोकवस्तीला एक अंगणवाडी, असा निकष आहे. लोकसंख्या जनगणनेतून आणि मुलं ताईंच्या वहीतून घ्यायची, असं दोन्ही मिळून निवेदन भक्कम होतं.

भाषेचं काय, हे मला सगळेच विचारतात. मातृभाषेचा तक्ता आहे, सी-16 त्याचं नाव. तालुक्यापर्यंत आकडे मिळतात, वॉर्डाचे मिळत नाहीत. 2011 ला जिल्ह्याची लोकसंख्या 47,79,661 आणि त्यात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 18.7 टक्के. हा आकडा पाठ करून ठेवा. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर जी संरक्षणं ठरलीत त्यांत, जिल्ह्यात किंवा तालुक्यात पंधरा टक्के लोक जी भाषा बोलतात त्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि सूचना प्रसिद्ध कराव्यात, असं आहे. प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवण्यासाठी, ती भाषा बोलणारी शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुलं, हा निकष. भांडण न करता, हे दोन कागद शेजारी ठेवून अर्ज लिहिता येतो.

जुने आकडे शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. 1951 पर्यंत बेळगावची जनगणना मुंबईच्या खंडांत आहे, कर्नाटकच्या नाही. आणि शहापूर तर संस्थानी काळात सांगलीकरांकडं होतं, म्हणून आमच्या गल्ल्यांचे त्या काळचे आकडे सांगली संस्थानाच्या पानांवर बघावे लागतात. बेळगाव शहराच्या आकड्यांत शहापूर धरलंय की नाही हे न बघता दोन सालांची तुलना केली की शहर एकदम फुगलेलं दिसतं.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरतात तो, 1 मार्च 2027 आहे, घरयादी त्याच्या आधी. आमच्या गल्लीतल्या बायकांना मी आत्तापासूनच सांगतेय: दारात माणूस आला की कांड्या भरता हे काम म्हणून सांगा, वर्षातले किती महिने भरता तेही सांगा, आणि मातृभाषा विचारली की लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती लिहायला लावा.