गप्पी: ब्लाँड की अल्बिनो?
ब्लाँड आणि अल्बिनो हे गप्पी माशांचे दोन फिके प्रकार. घरच्या टाकीत गप्पीची फिकी पिल्लं निघाली, तर अंगाच्या रंगावरून निवाडा करू नका, डोळे बघा. ब्लाँडचे काळे, अल्बिनोचे लाल. काही लाल डोळे मात्र इतके गडद असतात की कमी उजेडात काळेच वाटतात. पिल्लू काचेच्या ग्लासात घ्या, बाजूने टॉर्च मारा, लगेच कळतं.

अल्बिनोत काळं रंगद्रव्य बनतच नाही. ब्लाँडमध्ये काळ्या पेशी असतात, पण अगदी बारीक. म्हणून काळी नक्षी पुसट का होईना, दिसते.

दोन्ही गुण अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आले तरच दिसतात. शुद्ध करड्या (मूळ रंगाच्या) गप्पीशी जोडी लावली तर पिल्लं करडीच. त्यांच्या आपसातल्या पिल्लांत साधारण चारात एक फिकं.

नवख्याने ब्लाँडच पाळावी, असं माझं ठाम मत. अल्बिनोची नजर अधू, प्रखर उजेड सोसत नाही, खाण्यातही ती मागे पडतात. त्यांना वेगळंच वाढवा.