गाजर, पाटी आणि तीन मार्कांची आघाडी: ॲन-गिल्बर्टची तीन फुकट ई-पुस्तकं

शाळेतली खुन्नस आणि मोठेपणी त्याच माणसाच्या प्रेमात पडणं, हे पीठ मालिकावाल्यांनी इतकं दळलंय की त्याची मूळ चव कोणाला आठवत नाही. ती हवी असेल तर ल्युसी मॉड माँटगोमेरीची ॲन शर्ली आणि गिल्बर्ट ब्लाइथ ही जोडी वाचावी. खर्च शून्य. लेखिका १९४२ साली वारली आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावरून ही पुस्तकं बिनधास्त उतरवून घेता येतात. तिथे क्रमांकाने शोधा: ४५ म्हणजे 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' (१९०८), ४७ 'ॲन ऑफ ॲव्हनली' (१९०९), ५१ 'ॲन ऑफ द आयलंड' (१९१५). फाइल ईपब (EPUB) या ई-पुस्तकांच्या प्रकारातलीच घ्या. साध्या मजकुराची घेतली तर मोबाइलवर ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात आणि दहा पानांत वैताग येतो.

बहुतेक जण पहिलं पुस्तक संपवून थांबतात, आणि फसतात. त्यात प्रेम नाहीच, नुसती खुन्नस आहे. पण काय खुन्नस! पंधराव्या प्रकरणात गिल्बर्ट ॲनच्या लाल वेणीचं टोक धरून 'गाजर!' म्हणतो आणि ती पाटी त्याच्या डोक्यावर हाणते. पाटीचे दोन तुकडे. मास्तर शिक्षा म्हणून तिला फळ्यासमोर उभं करतात, वर तिचा राग किती वाईट आहे ते फळ्यावर लिहितात आणि तिच्या इंग्रजी नावातलं (Anne) शेवटचं 'ई' खातात. पुढे तिला गिल्बर्टच्याच बाकावर बसवतात. तो गुपचूप गुलाबी बदामाच्या आकाराची गोळी सरकवतो, वर सोनेरी अक्षरांत 'तू गोड आहेस'. ती चिमटीत उचलते, खाली टाकते आणि टाचेखाली भुगा करते. तोंडातून अवाक्षर नाही.

पुढची प्रकरणं म्हणजे चक्क गुणपत्रिका. पहिल्या महिन्यात गिल्बर्ट तीन मार्कांनी पुढे, दुसऱ्या महिन्यात ॲन पाच मार्कांनी. तो सगळ्यांदेखत तिचं मनापासून अभिनंदन करतो आणि तिच्या जिंकण्यातली सगळी मजा घालवतो. क्वीन्स अकॅडमी या शिक्षक घडवणाऱ्या संस्थेच्या प्रवेश परीक्षेत २०० जणांच्या यादीत दोघं वर, तेही बरोबरीत. प्रेमकथा पुढे पटते ती या बरोबरीमुळे. एकजण जरा जरी कमी पडला असता तर दुसऱ्याचं प्रेम उपकार वाटलं असतं. अठ्ठाविसाव्या प्रकरणात बुडणाऱ्या होडीतून पुलाच्या खांबाला लटकलेल्या ॲनला गिल्बर्ट वाचवतो, मैत्रीचा हात पुढे करतो, ती झिडकारते आणि लगेच पस्तावते. समेट होतो थेट शेवटच्या, अडतिसाव्या प्रकरणात: तिला घर सोडून जावं लागू नये म्हणून तो ॲव्हनली या त्यांच्याच गावच्या शाळेतली नोकरी तिच्यासाठी सोडतो.

दुसरं पुस्तक सैल आहे. जुळी मुलं, शेजारी, गाव सुधारणा मंडळ. गिल्बर्ट कडेकडेने वावरतो. कंटाळा आला तर चाळा, पण तिसावं प्रकरण सोडू नका.

खरा माल तिसऱ्यात. विसाव्या प्रकरणात तो मागणी घालतो, ती नाही म्हणते. पंचविसाव्यात पावसात छत्री घेऊन रॉय गार्डनर येतो: देखणा, श्रीमंत, उदास डोळ्यांचा, ॲनच्या लहानपणच्या स्वप्नांतून मापं घेऊन शिवल्यासारखा. विनोदबुद्धी मात्र नाही. माँटगोमेरीने इथे झकास गंमत केली आहे. दोन वर्षं वाटतं की ठरलं आता, आणि ऐन मागणीच्या वेळी ॲनला कळतं की हा आपल्याला नकोच.

दोष आहेत. गिल्बर्टच्या मनात लेखिका फारशी शिरत नाही, त्यामुळे तो कधीकधी अति समंजस वाटतो. चाळिसाव्या प्रकरणात ॲनचे डोळे उघडायला गिल्बर्टला टायफॉइड व्हावा लागतो, ही पळवाटच. भरपाई म्हणून एक छान खोच आहे: गिल्बर्टला बरं करण्यात ॲनच्या मैत्रिणीने त्याला लिहिलेल्या एका पत्राचाही हात आहे. ॲन आणि रॉयमध्ये काही नाही, पुन्हा प्रयत्न कर, एवढंच त्यात लिहिलेलं.

इंग्रजी जुनं पण अवघड नाही; झाडाफुलांची वर्णनं लांबतात, ती डोळ्यांखालून घातली तरी कथा हुकत नाही. ऐकायचं असेल तर लिब्रीव्हॉक्सवर फुकट ध्वनिमुद्रण आहे. वाचणारे स्वयंसेवक असल्याने काही मुद्रणांत प्रकरणागणिक आवाज बदलतो आणि ॲन दर अर्ध्या तासाला वेगळीच बाई होते. एकाच वाचकाचं निवडा.

आणि लग्नाची घाई असलेल्यांनी आधीच ऐकून ठेवावं: तिसऱ्याच्या शेवटी फक्त होकार मिळतो. गिल्बर्टचं डॉक्टरकीचं शिक्षण अजून तीन वर्षं बाकी आहे. लग्न लागतं १९१७ च्या 'ॲन्स हाउस ऑफ ड्रीम्स'मध्ये, क्रमांक ५४४.