कंपनी गेली, गाडी उरली: बेळगाव-निपाणी पट्ट्यात जुनी फोर्ड घेताना

"फोर्ड? नको बाबा, कंपनीच पळाली की!" उद्यमबागेत चहा पिताना कुणी जुनी फिगो घ्यायचा विषय काढला की हे वाक्य ठरलेलं. कंपनी गेली हे खरंच आहे. ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला, हे कारण दिलं. साणंदचा कारखाना टाटांनी घेतला आणि चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. तरी केए २२ आणि केए २३ पासिंगच्या फिगो-इकोस्पोर्ट अजून रोज कोल्हापूर, हुबळी, चोर्ला करतायत. ज्या आडव्या पडल्या त्या कंपनी गेली म्हणून पडल्या नाहीत. आधीच्या मालकाने इंजिनात कुठलं ऑइल घातलं आणि टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारा पट्टा) कधी बदलला, तिथेच त्यांचं भवितव्य ठरलं होतं. म्हणून जुनी फोर्ड मॉडेल बघून घेऊ नये, इंजिन बघून घ्यावी.

तसं फोर्डचं इथलं येणं-जाणं जुनंच. १९२६ मध्ये कॅनडाच्या फोर्डने भारतात उपकंपनी काढली होती, ती १९५० च्या दशकात गुंडाळली. १९९५ ला महिंद्रांबरोबर भागीदारीत परत आले, १९९६ ला एस्कॉर्ट आणली, १९९८ ला स्वतःचा हिस्सा ७२ टक्क्यांवर नेला आणि १९९९ ला आयकॉन. आयकॉन पळायला मस्त होती, पण फोर्डचे पार्ट महाग हा शिक्का तिथूनच बसला, आणि तो आजतागायत पुसला गेलेला नाही. मार्च २०१० च्या फिगोपासून कंपनीने धोरण बदललं. अख्खी असेंब्ली घ्यायला लावण्याऐवजी आतला छोटा भाग सुटा मिळू लागला. त्याचा फायदा जुन्या फिगोवाल्याला आजही होतो.

आता ही फिगो. १.४ डिझेल, १३९९ सीसी, ६९ पीएस, १६० न्यूटन मीटर. आकडे साधेच, पण टर्बो लवकर हात देतो, त्यामुळे चौघं बसून सुतगट्टीचा घाट चढताना सारखा गियर पाडावा लागत नाही. हायवेला ८०-९० च्या वेगात १८ ते २० चं अॅव्हरेज सहज मिळतं. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे आणि हातात जो भरवसा येतो तो नंतरच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगला आला नाही, हे आमचं स्पष्ट मत. मात्र जानेवारी २०१० ते जून २०१२ मधली गाडी असेल तर एक चौकशी करायचीच. सप्टेंबर २०१३ ला फोर्डने जुनी फिएस्टा आणि फिगो मिळून १,६६,०२१ गाड्या परत बोलावल्या होत्या. मागच्या अॅक्सलचा आडवा बीम आणि पॉवर स्टिअरिंगचा जास्त दाबाचा होज, ही दोन कामं होती. ती झाली की नाही हे चेसिस नंबरवरून कळतं. विकणारा 'झालं असेल की' म्हणाला तर झालं नाही असं समजून गाडी रॅम्पवर घ्या.

१.४ आणि इकोस्पोर्टचं १.५ डिझेल ही दोन्ही फ्रान्सच्या प्यूजो-सिट्रोएनबरोबर मिळून केलेल्या एकाच घराण्यातली. १.५ चे १४९८ सीसी, सुरुवातीला ९१ पीएस, नंतर १०० पीएस. दोन्हीत चेन नाही, कोरडा म्हणजे ऑइलबाहेर फिरणारा टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि हेड उतरवावंच लागतं. छापील मुदत काहीही असो, एक लाख किलोमीटर किंवा दहा वर्षं, जे आधी येईल तिथे बेल्ट बदलून टाकावा. जुनी गाडी घेतली आणि बिल दाखवत नाहीत, तर रीडिंग ६० हजार असलं तरी बदलायचा. रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला वय कळतं.

बदलताना नुसता बेल्ट आणू नका. टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुल्या) आणि वॉटर पंप एकत्रच बदलायचे, कारण या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो. पंपाच्या सीलमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) झिरपलं तर नवा बेल्ट वर्षभरातच खराब. क्रँक, कॅम आणि डिझेल पंप, तिन्ही ठिकाणी लॉकिंग पिना (जागचं हलू नये म्हणून अडकवायच्या खुंट्या) घालून काम करायचं. खडूने खुणा करून बसवतो म्हणणारा मेस्त्री कितीही जुना-जाणता असला तरी या इंजिनाला नको. बेल्ट चढल्यावर इंजिन हाताने काही फेरे फिरवून पिना परत सरळ बसतात का बघायचं, मगच स्टार्टर. बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट फाटका दिसला तर तोही त्याच दिवशी काढा, कारण त्याचे सुटे धागे क्रँक पुलीच्या मागून आत शिरले तर टायमिंग बेल्ट उडतो.

या डिझेलांचा दुसरा रोग कानाने कळतो. थंड इंजिन चालू करून बॉनेट उघडा आणि 'फुस्-फुस्' असा आवाज इंजेक्टरजवळ येतो का ऐका. वरचं प्लास्टिकचं झाकण काढल्यावर इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला, तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. वॉशर काही रुपयांचा. पण तो तसाच ठेवला की जळका वायू वर येतो, काजळी ऑइलमध्ये मिसळते आणि टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी तुंबते. टर्बो कोरडा पडतो, शाफ्टला खेळ येतो, शिट्टी वाजायला लागते. मग लोक टर्बो बदलतात आणि काही महिन्यांत नवाही जातो. कारण मूळ वॉशर आणि ती नळी तशीच राहिलेली असते. टर्बो बदलायची वेळ आलीच तर ऑइलची नळी नवी, जोडाच्या बोल्टमध्ये जाळी असेल तर तो बोल्टही नवा, ऑइल पॅन उतरवून साफ, आणि वॉशरची बैठक कटरने घासून घेतलेली, एवढं एकाच बिलात दिसलं पाहिजे.

ऑइलचं म्हणाल तर डिझेलला ५डब्ल्यू-३०, आणि डब्यावर फोर्डचा डब्ल्यूएसएस-एम२सी९१३-डी हा नंबर. फिल्टरसकट पावणेचार लिटरच्या आसपास लागतं, शेवटचं डिपस्टिक बघून. दहा हजार किलोमीटरची मुदत छापील आहे, पण ऊस हंगामात ट्रॅक्टरच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर रांगणाऱ्या आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला साडेसात हजारच बरे.

इकोस्पोर्ट जून २०१३ ला आली. तिने आपल्या भागात नाव केलं ते २०० मिलिमीटर क्लिअरन्समुळे, म्हणजे जमिनीपासूनच्या उंचीमुळे. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात त्याची किंमत कळते. कंपनीने ५५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितली होती, म्हणजे साधारण मांडीच्या खालपर्यंत, तेही सावकाश चाललात तर. ओढ्याला धार असेल तर आकडा विसरा. खानापूर भागातली गाडी बघताना बुश (सस्पेन्शनच्या जोडांतले रबर) आधी बघायचे. पिरनवाडीच्या स्पीडब्रेकरवरून २० च्या वेगात एकेक चाक तिरकं न्या. 'टक' असा कोरडा आवाज आला तर लिंक रॉड, तो स्वस्तात होतो. 'धब्' असा जाड आवाज आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर लोअर आर्मचे बुश. न्यूट्रलवर उभी असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरत असतील तर वरचं इंजिन फाउंडेशन (इंजिन धरून ठेवणारं रबरी माउंटिंग) बसलंय. थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंगही बघा. कडेला वाळलेल्या कूलंटचे पांढरट-केशरी डाग म्हणजे गळती चालू आहे. मालक बोअरचं पाणी टाकून दिवस काढत असेल तर कूलंटच्या डबीतलं पाणी गढूळ-तांबडं दिसतं. अशी गाडी सोडून द्यावी.

मागचं दार बाजूला उघडतं आणि स्टेपनी त्यावरच टांगलेली. शहापूर-वडगावच्या बोळात भिंतीला लावून ठेवणाऱ्याला रोज गाडी पुढे घेऊन दार उघडावं लागेल, हे घेण्याआधीच घरच्यांना सांगून ठेवा.

बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची डिझेल मात्र विचारून घ्या. त्यात डीपीएफ आहे, धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती स्वतःला जाळून साफ करायला हायवेची सलग धाव मागते. टिळकवाडी ते कॅम्प एवढंच फिरणाऱ्या गाडीत ते काम अर्धवट राहतं, जास्तीचं डिझेल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर 'ऑइल खात नाही' म्हणून खूश होऊ नका.

आता जिथे आम्ही सरळ नाही म्हणतो ती गाडी: २०१३ ते २०१७ मधली पेट्रोल ऑटोमॅटिक इकोस्पोर्ट, आणि त्याच गिअरबॉक्सची फिएस्टा व फिगो. हा पॉवरशिफ्ट नावाचा सहा गियरचा कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स. एका क्लचवर १, ३, ५ आणि दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. गिअरबॉक्सवरच बसवलेला कंट्रोल मॉड्यूल (गियर बदलायचे हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दगा देतो, किंवा इनपुट शाफ्टच्या सीलमधून ऑइल क्लचवर येतं आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरला अंगात आल्यासारखी हादरते. रिव्हर्स आणि सम गियर एकदम गेले तर दुसऱ्या क्लचच्या बाजूला किंवा मॉड्यूलमध्ये घोटाळा आहे. हा फक्त इथला अनुभव नाही. अमेरिकेत फोकस आणि फिएस्टाच्या मालकांनी याच गिअरबॉक्सवरून सामूहिक दावा लावला, आणि ऑस्ट्रेलियात तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीवरून २०१८ मध्ये न्यायालयाने फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. स्वस्त मिळते म्हणून मोह झालाच तर गोवावेस ते कपिलेश्वर पूल भर गर्दीत अर्धा तास चालवून, गरम झाल्यावर चढावर थांबवून सोडा. २०१७ अखेरच्या नव्या रूपातली ऑटोमॅटिक वेगळी, तिला कोरड्या क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर (ऑइलमधून ताकद पोचवणारा भाग) आहे. तिला हा रोग नाही.

पेट्रोलमध्ये दुसरी गोम आहे. १.० इकोबूस्ट आणि नंतरची तीन सिलिंडरची ड्रॅगन इंजिनं, १.२ आणि १.५, यांचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून फिरतो. जुन्या डिझेलात ऑइल थोडं इकडंतिकडं झालं तरी इंजिन सहन करतं. इथे चुकीचं ऑइल म्हणजे बेल्टचं रबर फुगून त्याचे कण सुटणं. ते कण तळाच्या जाळीत अडकतात, पंपाला ऑइल पुरत नाही आणि लाल दिवा लागतो तेव्हा बेअरिंग गेलेली असतात. इकोबूस्टला ५डब्ल्यू-२०, डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी. दुकानदाराने 'पेट्रोलला हेच चालतंय' म्हणून २०डब्ल्यू-४० पुढे केलं तर पैसे परत मागा. घेण्याआधी जुना ऑइल फिल्टर कापून बघा, कागदाच्या घड्यांत काळे रबरी तुकडे सापडले तर पुढची बोलणी थांबवा. १९०८ ची मॉडेल टी, जिच्या १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या, ती शेतकरी गोठ्यात उभी करून पान्याने उघडायचा. त्याच कंपनीला शंभर वर्षांनी बेल्ट ऑइलात बुडवावासा वाटला, याला काय म्हणावं.

फोर्डची मोठी एसयूव्ही एंडेव्हर, तिच्याबद्दल थोडक्यात. ३.२ लिटर, पाच सिलिंडर, २०० पीएस, ४७० न्यूटन मीटर. चेनवरचं इंजिन आणि या यादीतली सगळ्यात दणकट गाडी. पण टायर, ब्रेक, सस्पेन्शन सगळ्याची बिलं गाडीच्या आकाराची. २०२० नंतरची २.० लिटर घेताना बेल्टचा प्रश्न परत येतो.

पार्टचं म्हणाल तर फिल्टर, ब्रेक, क्लच, बेल्ट किट, बुश यांची चिंता नाही, नावाजलेल्या कंपन्यांचे बाहेरचे पार्ट मिळतात. अडतं ते हेडलाइट, बंपर, दाराची काच, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल इथे. त्यासाठी १७ अक्षरी चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा, तोच कोल्हापूर, हुबळी, पुण्याच्या दुकानांना फोनवर वाचून दाखवा आणि रात्रीच्या पार्सलने मागवा. 'इकोस्पोर्टचा आरसा द्या' म्हटलं तर चुकीचा येणार. मेस्त्रीकडे फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर आणि एक चांगला अडॅप्टर असला की फोर्डचे कोड नीट वाचता येतात. साध्या स्कॅनरला अर्धे मॉड्यूल दिसतच नाहीत.

सीमेवरचा खास भाग कागदांचा. निपाणीत एमएच ०९ ची गाडी कागलहून स्वस्तात मिळते आणि लोक ती तशीच चालवतात. वर्षाच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी राहिली की पासिंग बदलावं लागतं. त्यासाठी फॉर्म २८ ची एनओसी, नाव बदलायला २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह ३५, आणि इकडे नव्या नंबरसाठी २७. कर्नाटकचा आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरायचा आणि महाराष्ट्राकडून उरलेल्या कराचा परतावा मूळ कार्यालयात मागायचा. हा सगळा खर्च किमतीत धरल्यावर एमएच गाडी पुष्कळदा केए २३ च्या गाडीइतकीच पडते. दिल्ली पासिंगच्या डिझेल इकोस्पोर्ट फार स्वस्त दिसतात, कारण तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंदीचा आदेश निघाला होता. त्यात मीटरवर विश्वास ठेवू नका. पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं आणि ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड बघा. ४५ हजार रीडिंग आणि क्लच पेडल गुळगुळीत, असं असेल तर रीडिंगला आणखी एक लाख जोडून मगच भाव सांगा.