नॅरोबोटवरचा डिझेल हीटर : पाच महिने, दोन सर्व्हिस व्हिजिट आणि एक टिकटिक

काल रात्री पुन्हा पेटला नाही. बाहेर उणे चार, आत पहाटे साडेपाचला सहा अंश, आणि कंट्रोलरवर तोच एररचा दिवा. बायको दोन ब्लँकेटं, गोधडी आणि माझं जॅकेट घेऊन झोपली होती. मी उरलेल्यात. तेव्हा रागातच लिहायला बसलोय, हे आधीच सांगून टाकतो.

नॅरोबोटवर, म्हणजे कालव्यातल्या लांब-अरुंद बोटीवर, राहणारी मराठी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच असतील, पण व्हॅनमध्ये हाच हीटर लावणारे बरेच आहेत, त्यांनाही उपयोग होईल. माहितीपत्रकातलं इथे परत लिहीत नाही. माझा ४ किलोवॅटचा, १२ व्होल्टचा, गरम हवा फेकणारा, नावाजलेल्या कंपनीचा. ऑक्टोबरच्या मध्यावर बसवून घेतला, फिटिंगसकट १,६५० पौंड. तसाच दिसणारा चिनी हीटर शंभर-सव्वाशे पौंडांत येतो आणि आमच्या मागेपुढे बांधलेल्या तीन बोटींवर तोच आहे. मी म्हटलं, एकदा तरी चांगली वस्तू घेऊ. त्या तिन्ही बोटी काल रात्री गरम होत्या.

आमची बोट ५७ फुटी, जुनी, इंग्लंडमधल्या ग्रँड युनियन कालव्यावर. कायमचं मूरिंग (बोट बांधायची हक्काची जागा) नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे चौदा दिवस झाले की पुढे सरकायचं. थंडीत आम्ही मिल्टन कीन्सच्या अंगानेच सरकतो, कारण फेनी स्ट्रॅटफर्डचं लॉक, म्हणजे बोट वर-खाली करणारा दारांचा हौद (ते तरी केवढं, जेमतेम फूटभर उतार) मागे टाकलं की कॉसग्रोव्हपर्यंत दहा-अकरा मैल एकही लॉक नाही. बर्फ धरलेल्या लॉकच्या दांड्याला पाठ लावून ढकलण्याची हौस पहिल्याच हिवाळ्यात फिटली. पुढच्या खोलीत कोळशाची शेगडी आहे, झकास आहे, पण बोट म्हणजे सात फुटांहून अरुंद बोगदा. शेगडीची ऊब स्वयंपाकघरापर्यंत येते आणि तिथेच बसते. आम्ही झोपतो पार मागे, इंजिनला लागून. म्हणून हा हीटर.

आता तक्रार. पेटत नाही ही माझी दुसरी तक्रार. पहिली आहे टिकटिक.

या हीटरला डिझेल पाजणारा एक छोटा पंप असतो, अंगठ्यापेक्षा थोडा जाड. प्रत्येक टिकला मोजून थेंबभर डिझेल. हीटर जोरात असला की टकटकटकटक, मंद असला की सेकंदाला एखादी. हे सगळ्यांनाच माहीत आहे आणि सगळे सांगतात की सवय होते. पण आमच्या फिटरने तो पंप पत्र्याच्या पट्टीने थेट बोटीच्या अंगाला आवळलाय. बोटीचा तळ १० मिलिमीटर पोलादाचा, बाजू ६ मिलिमीटर, आणि त्याच पोलादाच्या पलीकडे माझी उशी. रात्री दोन वाजता कुणीतरी नखाने पातेलं वाजवत बसलंय असं वाटतं. मोजायला लागलो की झोप जाते, न मोजायचं ठरवलं की आणखी जाते. डिसेंबरात मागच्या बोटीवरचे आजोबा, जे पंचवीस वर्षं पाण्यावर आहेत, मला सकाळी म्हणाले, "तुमची बोट टिकटिकते." त्यांना पाण्यातून ऐकू येत होतं! फिटरला फोन केला तर तो म्हणाला, "पंप चालू आहे याचीच ती खूण आहे."

मग २८ डिसेंबरला ती खूणही बंद झाली.

पंखा फिरतो, दोनेक मिनिटं काहीतरी तापल्यासारखं होतं, पंप चारदा टिकटिकतो आणि सगळं बंद. असं तीनदा झालं की कंट्रोलर स्वतःला कुलूप घालून घेतो. सर्व्हिसला फोन लावला तर पहिला प्रश्न : पोस्टकोड काय? म्हटलं, बोट आहे, कालव्यावर आहे, पुलाचा नंबर सांगतो. नाही, पोस्टकोड पाहिजे. शेवटी जवळच्या पबचा दिला. माणूस आला तो पबमध्ये जाऊन बसला आणि तिथून माझी चौकशी करत चिखलातून चालत आला. बॅटऱ्यांना मीटर लावला, मान हलवली आणि म्हणाला, बॅटऱ्या थकल्यात, बदला. व्हिजिटचे ९५ पौंड. मी वॉरंटी काढून दाखवली. त्यावर तो म्हणाला, वॉरंटी हीटरला आहे, तुमच्या बोटीला नाही.

नव्या बॅटऱ्यांचा अंदाज ६०० पौंड. त्याच बॅटऱ्यांवर माझा फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, दोन लॅपटॉप बिनतक्रार चालतात. डिसेंबरात सोलर नावालाच, पण मी रोज दोन तास इंजिन चालवून चार्ज करतो, तेही रात्री आठच्या आत, नियम पाळून. तर माझं मत : पैसे वाया. चिनी घ्या, दोन घ्या, एक बिघडला की दुसरा लावा. पाचपैकी एक तारा, तोसुद्धा खोका मजबूत होता म्हणून.

एवढं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं. टाकलं नाही ते बरं झालं. आता मार्च संपत आलाय, आणि वरचं बरंचसं मागे घ्यायची वेळ आलीय. सगळं नाही.

झालं असं की त्याच सकाळी अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या वडिलांचं तासगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, तीस वर्षं त्यांनी द्राक्षबागांच्या जळालेल्या मोटरी बांधल्या. मी कानटोपी घालून बसलेलो बघून विचारलं, काय झालं. सांगितलं. म्हणाले, मीटर लाव. लावला. बॅटरीवर १२.५.

"मोकळ्यावर काय बघतोस लेका? लोड टाक आन् मग बघ."

"अण्णा, बॅटरीवर लोड टाकूनही १२.२ आहे."

"बॅटरीवर नव्हं. मोटरीच्या तोंडाला बघ."

मोटर म्हणजे हीटर. प्लगच्या मागे मीटरची टोकं खुपसून एका हाताने फोन धरला आणि बायकोला बटण दाबायला सांगितलं. पेटवणारी ग्लो पिन चालू झाली आणि आकडा घसरायला लागला : ११.४, १०.९, १०.३. साडेदहाच्या खाली माझा हीटर काम सोडतो. सोडलं.

तासगावला अण्णा हसायला लागले. "शेवटच्या टोकाची मोटर हाय ती. डीपी पार गावात, वायर बारीक. उचलतीया कुठली! ही वायर आलीया कुठनं, ते बघ."

बघितलं. आणि इथे फिटरला शाबासकी द्यावी तेवढी थोडी. बॅटऱ्यांपासून हीटर दीड मीटरवर आहे, हात लांब केला तर लागतो. पण साहेबांनी वायर बॅटरीकडून घेतलीच नव्हती. स्वयंपाकघरातल्या फ्यूज पॅनलमध्ये एक जागा रिकामी होती, तिथून घेतली होती. म्हणजे करंट बॅटरीतून निघतो, सात मीटर पुढे स्वयंपाकघरात जातो, आणि सात मीटर मागे परत त्याच बॅटरीशेजारी येतो. याला द्राविडी प्राणायाम म्हणतात हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार. प्लस-मायनस दोन्ही वायरी धरून अठ्ठावीस मीटर तांबं, तेही अडीच स्क्वेअर एमएम. ग्लो पिन ओढते दहा अँपिअर. अण्णांनी तोंडी हिशेब केला : दोन व्होल्ट रस्त्यातच सांडतात. नेमके तेवढेच सांडत होते.

ऑक्टोबरात का चालला मग? तेव्हा बॅटऱ्या उन्हाने भरलेल्या असायच्या, तेरा-साडेतेरावर. दोन गेले तरी अकरा उरायचे. डिसेंबरात ती मिजास संपली.

१० स्क्वेअर एमएमची वायर, फ्यूज होल्डर, २० अँपिअरचा फ्यूज, क्रिंपच्या टोप्या : २३ पौंड. फ्यूज बॅटरीजवळच लावा, हीटरच्या टोकाला नको, नाहीतर मधली वायर कुठे घासली तर आग लागेल आणि बोटीच्या चार-वर्षी सेफ्टी तपासणीतही अडकाल. एका दुपारचं काम. पुन्हा मीटर लावला, पेटवताना १२.१. हीटर पहिल्या फटक्यात पेटला आणि मी बॅटऱ्यांच्या त्या ६०० पौंडांकडे कमाई म्हणून बघायला लागलो. अजूनही बघतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. फेब्रुवारीत नवीन भानगड : धूर. पांढरा, डोळे झोंबणारा, एक्झॉस्टमधून टोपाथवर (कालव्याकाठच्या पायवाटेवर), आणि सकाळी कुत्रं फिरवायला आलेल्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा. यावेळी दुसऱ्या माणसाला बोलावलं (पबचा पत्ता न देता पुलाखाली जाऊन उभा राहिलो). त्याने हीटर उघडला. आत जळणाच्या भांड्यात काजळीचा थर, ग्लो पिनभोवतीची जाळी पार बुजलेली. विचारलं, मंदच चालवता का? हो म्हटलं. डिझेल वाचतं ना. मंद ठेवला तर रात्रभरात एक-सव्वा लिटरवर भागतं, मोठा केला तर तेवढं अडीच-तीन तासांत संपतं. तो म्हणाला, तेच चुकतंय. मंद आचेवर डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पूर्ण जोरात चालवायचा, मग बंद करायचा. जाळी, पिन, गॅस्केट आणि मजुरी मिळून १४० पौंड. चार महिन्यांत मी काटकसर करून डिझेलचे चाळीस-पन्नास पौंड वाचवले असतील. गणित बायकोने केलं, मी ऐकलं.

कोळसा-डिझेल विकणारी बोट पंधरवड्याला येते, तिच्याकडूनच लाल डिझेल (रंग घातलेलं, घरगुती वापराला कमी कराचं) घेतो. किती इंजिनला, किती घरगुती, हे विचारून सही घेतात. आमचं थंडीत घरगुतीच जास्त, त्यामुळे लिटरमागे पुष्कळ फरक पडतो. हीटर घेणार असाल तर हा हिशेब इंजिनच्या हिशेबाहून वेगळा लिहून ठेवा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीतही लावा, शेगडीजवळचा एक पुरे म्हणून सोडू नका.

तर आता मत. हीटर चांगला आहे. पंधरा मिनिटांत मागची खोली अठरा अंशांवर येते, खिडक्यांवरून गळणारं पाणी कमी झालंय, गादीखालची ओल गेलीय. बसवणारा मात्र बघून घ्या, आणि काम झाल्यावर वायर कुठून कुठे गेली ते त्याच्यासमोर बोट ठेवून विचारा. एकाचे चार तारे केले असते.

पण टिकटिक.

पट्टी काढली, जुन्या सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे कापून पंप हवेत झोळीसारखा टांगला. बोटीचं अंग शांत झालं. रात्री आडवा झालो तर आवाज आता कपाटातून! अण्णा बेअरिंगचा आवाज ऐकायला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीवर आणि मूठ कानाला लावायचे. माझ्याकडे लांब स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. लाटणं होतं. रात्री साडेबाराला इंजिनरूममध्ये पालथा पडून, लाटण्याचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका क्लिपवर, असा अर्धा तास काढला. सापडलं : डिझेलची कडक नळी कपाटाच्या लाकडी फळीच्या भोकातून जाते, तिथे ती कडेला टेकलेली होती. प्रत्येक टिकला फळीवर एक टिचकी. भोकात ट्यूबचा उरलेला तुकडा कोंबला. मागच्या बोटीवरचे आजोबा आता काही म्हणत नाहीत. मला कान देऊन ऐकलं तर अजून येतो. मी कान देतो. म्हणून साडेतीन तारे.

खर्चाचा हिशेब मागणाऱ्यांसाठी : १,६५० अधिक ९५ अधिक २३ अधिक १४०. लाटण्याला डिझेलचा वास लागलाय, दोनदा उन्हात ठेवून आणि चिंच लावून घासूनही पोळीत येतो. नवं ब्लेचलीच्या इंडियन दुकानात ६ पौंडांना आहे. ते हीटरच्या खर्चात धरायचं की घरखर्चात, यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.