कुत्र्यातल्या कुशिंग आजारासाठी लघवीची तपासणी: काही महिन्यांचा अनुभव (सॅम्पल घरीच धरा!)

वाया गेलेल्या तपासणीचे पैसे परत द्यायला पहिल्या क्लिनिकने परवा साफ नकार दिला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमचा डॅशहंड गुंड्या म्हातारा झालाय. सारखं पाणी पिणं, रात्री घरातच शू, सुटलेलं पोट, विरळ केस. अशा वेळी कुशिंगची, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन जास्त होण्याच्या आजाराची, शंका येते आणि लघवीतला कॉर्टिसॉल-क्रिएटिनिन रेशो (क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या तुलनेत कॉर्टिसॉल किती, ते प्रमाण) करायला सांगतात, हे कुत्री पाळणाऱ्यांना ठाऊक असेलच. त्या क्लिनिकमध्ये त्याला टेबलावर दाबून धरलं आणि नळी घालून लघवी काढली. बिचारा थरथर कापत होता. आकडा जास्त आला आणि लगेच ट्रायलोस्टेनची (कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या औषधाची) चिठ्ठी हातात! भेदरलेल्या जनावराचं कॉर्टिसॉल चढतं आणि लघवीत उतरतं. त्यावर जन्मभराचं औषध?

दुसऱ्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूलाच ठेवला. दवाखान्याच्या फेरीनंतर निदान दोन दिवस जाऊ द्या आणि सकाळची पहिली लघवी घरी धरा, म्हणाले. पुन्हा खर्च, म्हणून मी वैतागलो होतो. पण काम सोपं आहे. लांब दांड्याची पळी स्वच्छ धुऊन कोरडी करा. आधी दाखवू नका. धार सुरू झाली की मागून हळूच सरकवा, नाहीतर तो चालू लागतो. मेडिकलमधल्या डबीत ओता, फ्रीजमध्ये ठेवा, त्याच दिवशी लॅबला द्या. सुई नाही, उपाशी ठेवणं नाही.

तपासणी बिनकामाची आहे असं माझं मत झालं होतं, ते इथे बदललं. घरच्या सॅम्पलचा आकडा नॉर्मल आला तर कुशिंग जवळपास बाद होतो. जास्त आला तर मात्र नुसती शंका, निदान नव्हे. गुंड्याचा घरचाही जास्तच आला. मग निरोगी कुत्र्यात कॉर्टिसॉल दाबणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देऊन चार आणि आठ तासांनी रक्त तपासलं, तेव्हा आजार पक्का झाला. सोनोग्राफीत मूत्रपिंडांजवळच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या दिसल्या, म्हणजे मूळ दोष बहुधा त्यांना हुकूम देणाऱ्या, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत. ८० ते ८५ टक्के कुत्र्यांत तसंच असतं.

आता जेवणासोबत ट्रायलोस्टेन चालू आहे, पाणी पिणं खूप कमी झालंय. डोस ठरवायलाही हीच स्वस्त तपासणी करा, असा मी आग्रह धरला. डॉक्टर नाही म्हणाले: औषध किती लागू पडतंय ते या रेशोवरून नीट कळत नाही, रक्तच तपासावं लागतं. खिशाला चटका बसतो, पण पटलं.

क्लिनिकांनी काउंटरवरच डबी आणि घरी सॅम्पल धरायची मराठीतली चिठ्ठी द्यावी. पहिल्या तपासणीचे पैसे मी मागत राहणार आहे.